मेन स्विच ओढून निवडलेला एडिटर

धरणगावच्या त्या कॉलेजात दिपमाला बडगुजर लागली ती रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये. ब्युरेट धुणे, बाटल्यांना लेबलं लावणे, आम्लाने भोकं पडलेल्या टेबलांवर मेणकापड पसरणे, असं नऊ वर्षं चाललं. मग संगणक विभागाचा सहायक नोकरी सोडून पुण्याला गेला, नवी भरती बंद होती, आणि प्राचार्यांनी एका सकाळी तिला किल्ल्यांचा जुडगा देऊन सांगितलं, "आजपासून तुम्ही वरच्या मजल्यावर." वरच्या मजल्यावर बावीस संगणक होते. त्यांपैकी एकही तिला सुरू करता येत नव्हता.

आज ती बेचाळीस वर्षांची आहे. त्या बावीस मशिनचं पोट तिने स्वतः उघडलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी जुनी प्रणाली या म्हाताऱ्या मशिनवर चालेनाशी झाली, तेव्हा पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही हलकी, फुकटची प्रणाली आणून तिने एकेक मशिन उभं केलं. शिकवणी तिने लावली नाही. रसायनाच्या लॅबमध्ये जी सवय लागली होती तीच वापरली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते वहीत लिहायचं, मग पुढची. वहीच्या चार जिल्दी भरल्या आहेत.

पण तिच्याबद्दल सांगण्यासारखं जे आहे ते एका चुकीपासून सुरू होतं, आणि चूक तिची होती.

नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. वेळ तीन तास, एका चिठ्ठीवर आलेला एक प्रोग्राम, आणि समोर जळगावहून आलेले बाह्य परीक्षक प्रेमराज वाघ. अकराला परीक्षा सुरू झाली. साडेबाराला वीज गेली. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या मागच्या मे महिन्याच्या उन्हाने कधीच संपवल्या होत्या, त्यामुळे बावीसच्या बावीस पडदे एकदम काळे झाले. वीस मिनिटांनी वीज आली. मशिन सुरू झाली. एकोणीस मुलांनी आपापल्या फायली उघडल्या आणि त्या रिकाम्या निघाल्या.

बहुतेकांनी उरलेल्या वेळात पुन्हा काहीतरी लिहून काढलं. नौशीनला ते जमलं नाही. तिच्या चिठ्ठीवर सगळ्यात लांब प्रोग्राम आला होता; दीड तासात तिने नव्वदेक ओळी लिहिल्या होत्या आणि दुसऱ्यांदा लिहिताना ओळींचा क्रम तिला आठवेना. वेळ संपली तेव्हा पडद्यावर अकरा ओळी होत्या.

"सर, पूर्ण होत आला होता," ती म्हणाली.

"असेल," प्रेमराज सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "पण मार्क पडद्यावर जे आहे त्याला असतात, बेटा. आठवणीला मार्क नसतात."

नौशीन नापास झाली, तसे आणखी दहा जणही. तिचे वडील हसीबभाई बसस्टँडमागे गाद्या भरतात. पिंजाऱ्याचं घर, तीन पिढ्या कापसाच्या. या घरातून कॉलेजला गेलेली ती पहिली. तिला पुढे जळगावला एमसीए करायचं होतं, आणि एकही विषय मागे असेल तर प्रवेश नव्हता. फेरपरीक्षा एप्रिलमध्ये. ती गेली की वर्ष गेलं. आणि घरात आतापासूनच शिरपूरच्या एका स्थळाचं बोलणं सुरू होतं. वर्ष गेलं तर स्थळ येणार, हे नौशीनने कोणाला सांगितलं नव्हतं, पण अख्ख्या वर्गाला माहीत होतं.

निकाल लागल्याच्या दिवशी दिपमालाने तिला लॅबमध्ये बसवलं.

"एक सांग. मी फळ्यावर लिहिलं होतं, दर दहा मिनिटांनी सेव्ह करा. का नाही केलंस?"

"प्रोग्राम चालला नव्हता ना, मॅडम."

"मग?"

"चुकलेलं कसं सेव्ह करायचं?" नौशीनने तिच्याकडे असं पाहिलं जणू प्रश्नच विचित्र होता. "तुम्हीच सांगितलं होतं पहिल्या वर्षाला. कच्चं काही डिस्कवर ठेवायचं नाही. आधी रफ, बरोबर आलं की मग फेअर."

दिपमालाला तो दिवस आठवला. सांगितलं होतं. अडीच वर्षांपूर्वी, मुलांनी डिस्क फालतू फायलींनी भरून टाकली होती म्हणून ती वर्गावर ओरडली होती, आणि ओरडताना तोंडातून रसायनाच्या लॅबची भाषा बाहेर पडली होती. ती भाषा मुलांना पाठच होती. शाळेपासून त्यांचं सगळं प्रात्यक्षिक जर्नलवर चालत आलेलं: आधी रफ वहीत पेन्सिलीने, सरांनी टिक केलं की जर्नलमध्ये निळ्या पेनने, खाडाखोड असेल तर पान पुन्हा. सेव्ह करणं म्हणजे त्यांच्या लेखी निळं पेन उचलणं होतं. प्रोग्राम चालेपर्यंत ते पेन कोणी उचलत नव्हतं. एकोणीस फायली रिकाम्या निघाल्या त्या आळसाने नाही, शिस्तीने.

त्या संध्याकाळी तिने वहीत लिहिलं: "सवय माझी लावलेली. पाच महिन्यांत मोडणार नाही. साधन बदलणे."

साधन म्हणजे एडिटर, ज्यात प्रोग्राम टाइप करतात तो. आतापर्यंत मुलं मशिनबरोबर आलेला साधा एडिटर वापरत होती, कोऱ्या पाटीसारखा. आता तिला असा हवा होता जो मुलाने न सांगता त्याचं कच्चं लिखाण जपून ठेवेल.

विभागप्रमुख ललित सरांचं म्हणणं वेगळं होतं. ते दिपमालापेक्षा आठ वर्षांनी लहान, नाशिकला एका कंपनीत दोन वर्षं काढून आलेले. "ताई, यात निवडायचं काय आहे? सगळ्या कंपन्यांत जो वापरतात तो टाका. मुलांना पुढे तोच लागणार. चुका लाल करून दाखवतो, अर्धा शब्द लिहिला की पुढचा सुचवतो."

"आपल्या मशिनवर चालेल?"

"चालतो हो. माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतो."

लॅपटॉपची मेमरी सोळा जीबी. लॅबमधल्या मशिनची दोन. दिपमालाने दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवले. इंटरनेटवर शोधलं तर तिथे एडिटरवरून भांडणंच भांडणं. माझा चांगला, तुझा भंगार, गेली तीस-चाळीस वर्षं. तिने चार रात्री वाचलं आणि तिला काहीच कळलं नाही.

कळलं ते रविवारी माहेरी. तिचे वडील अभिमन आबा यांचं सगळं आयुष्य बैलबाजारात गेलं. बैलाची पारख करायला धुळ्यापर्यंत लोक त्यांना घेऊन जात. आता गुडघे गेले, ओट्यावर बसून असतात. लेकीने चहा पिता पिता आपली अडचण सांगितली. एडिटर म्हणजे काय हे त्यांना कळलं नाही, पण एकाच कामाला पाच जण उभे आहेत आणि प्रत्येकाचा दलाल आपलाच चांगला म्हणतो, एवढं कळलं.

"बठ्ठा बैल उभा राहीसन चांगलाच दिखतस," आबा म्हणाले. उभा असला की कुठलाही बैल चांगलाच दिसतो. "शिंगं देखीसन लेवाना नही. गाडाले जुपीसन देख."

"आबा, एडिटरले गाडाले कसा जुपू?"

"ते माले काय माहीत? तुना गाडा कथा अडकस?"

तिचा गाडा कुठे अडकतो ते तिला पक्कं माहीत होतं. सोमवारी ती कॉलेजात आली आणि शिपाई उखर्डूभाऊंना म्हणाली, "भाऊ, पाच वाजता मुलं गेली की मला अर्धा तास पाहिजे तुमचा. मी सांगेन तेव्हा मेन स्विच ओढायचा."

उखर्डूभाऊ एकोणसाठ वर्षांचे. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बंद करीसन ओढाना का चालू मशिन?"

"चालू मशिन."

"मॅडम, बेस वाटी राह्यनं ना तुमले?" त्यांना तिच्या तब्येतीचीच शंका आली.

बाद करायच्या यादीत असलेली तीन मशिन तिने बाजूला काढली. प्रत्येक एडिटरमध्ये तोच एक चाळीस ओळींचा प्रोग्राम टाइप करायचा, सेव्ह करायचा नाही, शेवटचा शब्द टाइप झाला की हात वर करायचा. हात वर झाला की उखर्डूभाऊ खटका खाली ओढायचे. दोन मिनिटं अंधार, मग पुन्हा वर. मग मोजायचं, किती ओळी परत आल्या. प्रत्येक एडिटर दहा वेळा. डिसेंबर आणि जानेवारीतले मिळून पंधरा दिवस, दररोज पाच ते साडेपाच.

तिसऱ्या दिवशी उखर्डूभाऊंना त्यात रस आला. चौथ्या दिवसापासून ते आधीच अंदाज सांगू लागले. "हाऊ काय उठाव नही," साध्या एडिटरबद्दल ते म्हणाले, आणि तो खरंच दहाच्या दहा वेळा शून्यावर आला. नॅनो नावाचा छोटा एडिटर मुलांना शिकायला सगळ्यात सोपा होता. दिपमालाला तो आवडलाही होता. तोही दहाच्या दहा वेळा कोरा. आवडण्याचा प्रश्नच नव्हता. तिने त्याच्या नावावर रेघ मारली.

ललित सरांचा मोठा एडिटर निघाला कसा, हे ती आजही प्रामाणिकपणे सांगते. त्याने जवळजवळ सगळं परत आणलं. पण दोन जीबीच्या मशिनवर तो उघडायलाच तीन मिनिटं घेत होता, आणि शेजारी प्रोग्राम चालवून बघायचा कंपायलर सुरू केला की माउसचा बाण जागीच थिजत होता. तिने सरांना लॅबमध्ये बोलावलं, सात नंबरच्या मशिनसमोर बसवलं, आणि स्वतः कीबोर्डांवरची धूळ पुसत उभी राहिली. सरांनी दहा मिनिटं वाट पाहिली.

"मशिन जुनी आहेत, ताई."

"हो सर. पण परीक्षा याच मशिनवर आहे."

"बरं, मग काय म्हणता?"

मग दोन उरले. एक सरांपेक्षा वयाने मोठा, दुसरा जवळपास त्यांच्याच वयाचा. एकाचं नाव इमॅक्स. तो न सांगता कच्चं जपायचा, पण हात थांबल्यावर अर्ध्या मिनिटाने. दुसरा विम. तो लपवलेल्या एका फायलीत सतत टिपण ठेवत जायचा, आणि हात थांबला की चौथ्या सेकंदाला सगळं डिस्कवर. दहापैकी दहा वेळा चाळीस ओळी नाही, पण दर वेळी एकोणचाळीस तरी, आणि शेवटच्या ओळीचा तुकडा.

अर्ध्या मिनिटाचा फरक तिने एक वेळ चालवून घेतला असता. इमॅक्स पडला तो दुसऱ्याच गोष्टीवर. त्याचं जवळजवळ प्रत्येक काम कंट्रोल बटन दाबून होतं. दिपमालाने बावीस कीबोर्ड एकेक करून तपासले. चौदा कीबोर्डांचं डावं कंट्रोल बटन मेलेलं होतं. सी आणि व्ही वरची अक्षरं पार पुसून गेलेली. तीन वर्षांच्या कॉपी-पेस्टने त्या बटनांचा जीव घेतला होता. मग तिने विमला लागणारं एस्केप बटन तपासलं. बावीसच्या बावीस नवी कोरी. आजवर त्याला कोणी हातच लावला नव्हता.

"ठरलं," ती म्हणाली.

या प्रयोगाला एक बळी गेला. एकेचाळिसाव्या झटक्याला सतरा नंबरच्या मशिनची डिस्क कायमची बसली. बाद करायचं मशिन होतं, कोणी विचारलंही नसतं. तिने प्राचार्यांना अर्ज लिहिला: "सदर डिस्क माझ्या चाचणीमुळे निकामी झाली, जबाबदारी माझी." प्राचार्यांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून पाहिलं, आणि विचारलं, "मेन स्विच ओढत होतात? मुद्दाम?" मग त्यांनी अर्ज फायलीला लावायला सांगितलं. पुढे काही झालं नाही.

विम शिकवणं हे दुसरं बाळंतपण होतं. या एडिटरमध्ये टाइप करायला बसलं तर काहीच उमटत नाही. आधी आय दाबून आत शिरावं लागतं, लिहून झालं की एस्केप दाबून बाहेर. मुलं वैतागली. वना नावाच्या विद्यार्थ्याला बाहेर पडता येईना, तर त्याने सरळ वायर उपटली. पुन्हा मशिन लावलं तर त्याचं सगळं लिखाण जिथल्या तिथे. "मॅडम, हा तर पिच्छाच सोडत नाही," तो म्हणाला. दिपमालाला यापेक्षा चांगली जाहिरात करता आली नसती.

नौशीन रोज चारला यायची. तिच्यासाठी दिपमालाने पुठ्ठ्याचं एक कार्ड केलं होतं, त्यावर सात आज्ञा, जास्त नाही. आणि रोज एकदा, नौशीन लिहिण्यात गुंग झाली की, उखर्डूभाऊ न सांगता तिच्या रांगेचा खटका ओढायचे. पहिल्या आठवड्यात ती दचकून उभी राहायची. दुसऱ्या आठवड्यात "भाऊ!" म्हणून ओरडायची. मार्चच्या शेवटी पडदा काळा झाला तर तिने डब्यातला शेंगदाण्याचा लाडू काढला आणि वीज येईपर्यंत खात बसली.

"आता हाई पास," उखर्डूभाऊ दिपमालाच्या कानात म्हणाले. "प्रोग्राम येवो का नको."

एप्रिलच्या सोळा तारखेला फेरपरीक्षा झाली. बाहेर त्रेचाळीस डिग्री. नौशीनसह अकरा मुलं होती, आणि परीक्षक पुन्हा प्रेमराज सरच. त्यांनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. या वेळीही तिच्या वाट्याला लांब प्रोग्राम आला. परीक्षेत सहायकाने बोलायचं नसतं. दिपमाला दाराशी स्टुलावर बसली आणि उखर्डूभाऊंना तिने मेन स्विचपासून लांब, पाण्याच्या माठाजवळ बसवलं, म्हणजे कोणाला संशय नको.

बारा वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. या वेळी खरोखरची.

कोणी ओरडलं नाही. पंखे थांबत गेले तेवढाच आवाज. प्रेमराज सरांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि वर्गाकडे बघितलं. अकरा मुलं हात बांधून शांत बसलेली. त्यांना ते जरा विचित्र वाटलं असावं. पस्तीस मिनिटं गेली. घाम पुसायला रुमाल पुरेनात. वीज आली, मशिन घरघरत उठली, आणि सर नेमके नौशीनच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांना ती आठवत होती.

नौशीनने फायलीचं नाव टाइप केलं. पडद्यावर इशाऱ्याचा मोठा मजकूर आला. तिने तो वाचलाही नाही, गेलेलं परत आणायचं आर दाबलं. आणि नव्वद ओळी एकदम पडद्यावर उतरल्या.

"थांब," सर म्हणाले. "हात बाजूला घे."

तिने हात मांडीवर घेतले.

"ह्या मशिनवर हा प्रोग्राम आधीच ठेवलेला होता?"

"नाही सर. मी आत्ता लिहिला."

"सेव्ह केला होतास?"

"नाही सर."

"सेव्ह केला नव्हतास, वीज गेली, आणि प्रोग्राम आहे." त्यांनी वळून पाहिलं. "सहायक कोण आहे इथे?"

दिपमाला उठून आली. तिने काही समजावून सांगायला सुरुवात केली नाही. विमची महती सांगितली नाही, पंधरा दिवसांची वही काढली नाही. पडद्याच्या तळाशी, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

ओळ अशी होती: `if(temp->ne`

"सर, इथे 'नेक्स्ट' लिहायचं होतं तिला. 'ने' झालं आणि वीज गेली," ती म्हणाली. "आधी लिहून ठेवलेला प्रोग्राम अर्ध्या शब्दावर थांबत नाही."

सर वाकले. त्यांनी ती ओळ पाहिली, मग वरची, मग सगळा प्रोग्राम खालून वर वाचला. एका ठिकाणी कंस चुकला होता. तो त्यांना दिसला असणार, पण ते बोलले नाहीत. शेजारच्या मशिनकडे गेले. तिथली शेवटची ओळही अर्धीच. त्याच्या पलीकडची एका स्वल्पविरामावर थांबलेली. सर अकराही मशिन फिरून आले. अकरा प्रोग्राम, अकरा ठिकाणी तुटलेले.

मग ते नौशीनजवळ परत आले.

"नोव्हेंबरमध्ये मी तुला काय म्हणालो होतो?"

"आठवणीला मार्क नसतात."

"हं." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "आता पडद्यावर आहे. लिही पुढे. पस्तीस मिनिटं सगळ्यांना जास्त."

नौशीनने आय दाबलं आणि राहिलेली दोन अक्षरं टाइप केली.

पन्नासपैकी छत्तीस मिळाले. तो चुकलेला कंस तिला स्वतःला सापडायला बारा मिनिटं लागली, त्याचे मार्क गेले. ऑगस्टपासून ती जळगावला आहे, होस्टेलवर. शिरपूरच्या स्थळाला हसीबभाईंनी दोन वर्षं थांबायला सांगितलं. ते थांबले नाहीत, आणि त्याचं कोणाला दुःख झालं नाही. कॉलेजात तिला मोठा, चकचकीत एडिटर वापरायला मिळतो. ती वापरते. तिने दिपमालाला फोनवर सांगितलं, "चांगला आहे मॅडम, पण बोट एस्केपवरच जातं."

प्रेमराज सरांनी जाताना दिपमालाकडून त्या सात आज्ञांचं कार्ड मागून घेतलं होतं. अहवालात त्यांनी एक ओळ लिहिली: "प्रयोगशाळा व्यवस्था समाधानकारक." त्या नमुन्यात याहून मोठा शेरा लिहायला जागा नसते.

दिपमालाचं पद अजून तेच आहे, प्रयोगशाळा परिचर. ललित सरांनी यंदाच्या अभ्यासक्रम बैठकीत विमचा एक तास घालायला लावला आणि तो घ्यायला तिला उभं केलं. नियमात ते बसत नाही, त्यामुळे वेळापत्रकात नाव सरांचं असतं.

जुलैत पहिल्या वर्षाची नवी तुकडी आली. पहिलंच प्रात्यक्षिक. दिपमालाने फळ्यावर बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला, आत कसं शिरायचं, बाहेर कसं पडायचं ते दाखवलं, आणि मुलं खाली मान घालून टाइप करू लागली. रफ आणि फेअरबद्दल ती एक शब्द बोलली नाही. अर्ध्या तासाने तिने दाराकडे पाहिलं. उखर्डूभाऊ उभेच होते. सप्टेंबरमध्ये ते निवृत्त होणार होते, त्यांची ही शेवटची तुकडी.

तिने हात वर केला.

खटका पडला, पंखे थांबले, आणि सगळ्या मुलांच्या तोंडून एकच आवाज निघाला.

"बसा," दिपमाला अंधारात म्हणाली. "काही गेलेलं नाही."